देवापुढची हजेरीवही मिटायची कशी

माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची. डावीकडे तारखा आणि वर रकाने: सकाळची प्रार्थना, जपमाळ, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), बायबलचा अध्याय, नोव्हेना (सलग नऊ दिवसांची प्रार्थना), उपवास, दान, राग आवरला का, कुणाबद्दल वाईट बोलले का. झालं असेल तर निळी खूण, राहिलं असेल तर लाल फुली. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, रकाने आखणं हाताच्या सवयीचं. रात्री घर झोपलं की स्वयंपाकघरात ओट्याशी बसून मी स्वतःची हजेरी घ्यायचे. फुल्या जास्त पडल्या की झोप लागायची नाही. खुणा जास्त असल्या तरी नीटशी लागायची नाही, कारण उद्याचा रकाना रिकामाच असायचा.

ती वही मिटायला मला काय काय करावं लागलं, ते सांगते. ज्यांना देव हवासा वाटतो, पण देवाचं नाव निघालं की छातीत धडधडतं, त्यांच्यासाठी हे आहे. मी वसईची, किल्ल्याच्या बाजूच्या कोळीवाड्यातली, कॅथलिक घरातली. त्यामुळे माझी उदाहरणं मिस्सा आणि जपमाळेची असतील. दुसऱ्या ख्रिस्ती मंडळींतल्या माझ्या मैत्रिणींच्या वह्या वेगळ्या आहेत. कुणी पहाटेची प्रार्थनासभा चुकली म्हणून दिवसभर काळजीत असते, कुणी दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, पैशापर्यंत मोजते आणि तरी कमी पडला असेल म्हणून घाबरते. दुखणं एकच.

आधी खडा शोधा

चर्चच्या परंपरेत या दुखण्याला फार जुनं नाव आहे, स्क्रूपल. मूळ लॅटिन शब्द स्क्रूपुलुस, म्हणजे बारीक टोकदार खडा. चपलेत शिरतो तसला. चालता येतं, पण पाऊल टाकलं की टोचतं, आणि हळूहळू माणूस रस्ता बघायचं सोडून पायाकडेच बघत राहतो. तुमच्या चपलेत तो कुठून शिरला, हे पहिल्यांदा आठवा. एखादी सबंध दुपार लागली तरी लागू द्या.

माझा असा शिरला. आई शेवटच्या आजारात होती, तेव्हा मी नऊ दिवसांची नोव्हेना धरली. सातव्या रात्री तिला धाप लागली. तिला घोट घोट पाणी पाजायचं, पाठीला उशी द्यायची, पाय चेपायचे, नर्सला हाक मारायची, यात उजाडलं आणि प्रार्थना राहिली. नवव्या दिवशी पहाटे आई गेली. पुढे एका शिबिरात व्यासपीठावरून बोलणाऱ्या एका माणसाला मी रडत हे सांगितलं. तो म्हणाला, "कुठेतरी खंड पडला असेल, म्हणून आशीर्वाद अडला." एवढं बोलून तो पुढच्या माणसाकडे वळला. मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी वही आणली. ती भरल्यावर दुसरी, मग तिसरी. बारा वर्षं.

आता मला ठाऊक आहे की आईचे पाय चेपत होते तीच माझी सातव्या दिवसाची प्रार्थना होती. पण हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तरी पटलं नसतं. म्हणून म्हणते, खडा नुसता सापडला की निघतो असं नाही. सापडला म्हणजे निदान आपण कशाशी झगडतोय ते कळतं. बहुतेकांच्या बाबतीत एखादं मरण, एखादं आजारपण किंवा लहानपणी ऐकलेलं एखादं वाक्य निघतं. ते कागदावर एकदा लिहा आणि ज्याच्यावर तुमचा भरवसा आहे अशा एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. माझ्यासाठी ते आमच्याकडे विश्रांतीला आलेले एक वृद्ध फादर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही वर्गात हजेरी किती वेळा घ्यायचात?"

"एकदा. सकाळी."

"आणि मग?"

"मग शिकवायचे."

"तुमचं शिकवणं अजून सुरूच झालेलं नाही," ते म्हणाले. "बारा वर्षं नुसती हजेरी चालली आहे."

एक खूण देते, ती ओळखायला उपयोगी पडेल. प्रार्थना संपल्यावर मनात पहिला शब्द कोणता येतो ते बघा. "सुटले" येतो की "भेटले"? माझ्या मनात कित्येक वर्षं "सुटले" यायचा. आजचं झालं, सुटले. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला भेटून आल्यावर कुणी सुटले म्हणत नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट मला इथे फार धीर देते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढी विदुषी, एवढं समजून उमजून घेतलेलं पाऊल. तरी पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. त्याला पुढे आणखी आठेक वर्षं गेली. रमाबाईंना आठ वर्षं लागली, तर आपल्याला लागली म्हणून लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

ते वचन पुरतं वाचा

"अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन" हे येशूचं वचन आपल्याकडे कॅलेंडरवर असतं, कबरीच्या दगडावर असतं. त्यामुळे आपण ते मेल्यानंतरच्या विश्रांतीबद्दल आहे असं धरून चालतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय उघडा, शेवटच्या तीन ओळी वाचा आणि न थांबता बारावा अध्याय सुरू करा. मूळ लिखाणात अध्यायांचे आकडे नव्हतेच, ते फार नंतर घातले. विसाव्याचं बोलणं संपतं आणि लगेच येशूचे शिष्य शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्यासाठी नेमलेल्या, दिवशी भूक लागली म्हणून शेतातली कणसं मोडून खाताना दिसतात. नियम मोडला म्हणून आरडाओरडा होतो. त्यापाठोपाठ येशू शब्बाथाच्याच दिवशी हात वाळलेल्या माणसाला बरं करतो. म्हणजे कोणत्या ओझ्याबद्दल तो बोलत होता, ते त्याने लगेच करून दाखवलं. याच शुभवर्तमानात पुढे, तेविसाव्या अध्यायात, जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर देणाऱ्या आणि स्वतः बोटही न लावणाऱ्या शिक्षकांबद्दल तो बोलतो. पुदिना, शेप आणि जिरं यांचाही दशांश मोजणाऱ्यांबद्दल बोलतो. मी माझे जिऱ्याचे दाणेच मोजत होते.

आता यावरून शब्बाथ वाईट किंवा नियमशास्त्र वाईट असं धरू नका, ती मोठी चूक होईल. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा आहे, ती नीट वाचा. तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, सगळ्यांना विसावा मिळू दे, कारण तूही मिसर देशात दास होतास, असं तिथे म्हटलं आहे. हे लोक तिथे काय करत होते? विटा पाडत होते. निर्गमच्या पाचव्या अध्यायात मिसरचा राजा फारो पेंढा द्यायचं बंद करतो, पण विटांची संख्या मात्र पूर्वीएवढीच भरली पाहिजे म्हणतो, आणि भरली नाही की मार. ज्यांचा दिवस विटांनी मोजला जात होता, त्यांना देवाने विटा न मोजण्याचा एक दिवस दिला. मी हे वाचलं त्या रात्री वहीतले रकाने मला विटांसारखे दिसले. खरंच, आकारही तसाच.

आणि जू. "माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे." जू म्हटलं की आपण दचकतो, कारण विसावा मागायला गेलो आणि हा परत जू देतो. वसईत वाड्यांमधून पूर्वी बैल असायचे, तेव्हाची माणसं सांगतात की जू मानेवर नीट बसलं नाही तर दोन दिवसांत जखम होते. आणि नवा बैल नेहमी जुन्या, शिकलेल्या बैलाशेजारी जुंपतात. ओझं जुना ओढतो, नवा नुसता पाऊल मिळवायला शिकतो. "माझे जू" म्हणणारा आपल्या शेजारी चालतोय, हे मला त्या माणसांमुळे कळलं.

एकदाच दोन रकाने आखा

वही मिटण्याआधी शेवटचं एक काम वहीतच करा. एक पान घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे चर्च खरोखर काय मागतं ते लिहा. उजवीकडे मी स्वतःवर काय लादून घेतलंय ते.

मी डावीकडचं फादरांना विचारून भरलं, आणि भरताना माझा विश्वास बसेना. कॅथलिक चर्चच्या आज्ञा पाच आहेत: रविवारी आणि सांगितलेल्या सणांना मिस्सा, वर्षातून निदान एकदा धर्मगुरूंपुढे पापनिवेदन, पुनरुत्थानकाळात (ईस्टरच्या काळात) निदान एकदा ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर), नेमलेल्या दिवसांचा उपवास आणि मांसवर्जन, आणि चर्चच्या गरजांना आपल्या ऐपतीप्रमाणे हातभार. उपवास म्हणजे राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, असे दोन दिवस. तोही अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांना, आणि साठावं वर्ष लागलं की त्याचं बंधन उरत नाही. आजारी माणसाला तर मुळीच नाही. ख्रिस्तप्रसादाआधी उपाशी राहायचं ते एक तास, आणि त्यात पाणी आणि औषध चालतं. माझी आजी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब घ्यायची नाही, कारण तिच्या काळी नियमच तसा होता. १९५७ साली तो तीन तासांवर आला आणि १९६४ साली एका तासावर. मी मात्र आजीचाच नियम धरून बसले होते. एकसष्टाव्या वर्षी, रक्तदाबाची गोळी न घेता, उपवासकाळातल्या दर शुक्रवारी दिवसभर उपाशी राहायचे. एका शुक्रवारी वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूंच्या मांडवावर, बोंबील घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बांबू धरून खाली बसले.

उजवीकडचा रकाना पान उलटून मागे गेला. रोजची पूर्ण जपमाळ, चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन. पाठोपाठ नोव्हेना. रोज बायबलचे तीन अध्याय. व्हॉट्सॲपवर आलेली "ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, नाहीतर" अशी प्रत्येक प्रार्थना नऊ जणांना. यातलं काहीही वाईट नाही, शेवटचं सोडून. जपमाळ सुंदर आहे, नोव्हेना सुंदर आहे. पण ती प्रेमाने करायची भक्ती आहे. ती न केल्याने कुणावर काही कोसळत नाही, आणि कुणाची आई मरत नाही. १९९२ साली निघालेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात तर स्पष्ट सांगितलंय की मनातला भाव बाजूला ठेवून नुसत्या बाहेरच्या उच्चाराला प्रार्थनेची शक्ती मानणं ही अंधश्रद्धा आहे. त्या नऊ जणांच्या मेसेजला माझ्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा नाव मिळालं. तुम्हाला असे मेसेज आले तर पुसून टाका. शांतपणे, न घाबरता. मी पहिल्यांदा पुसला तेव्हा अंगठा थरथरत होता.

पान भरून झालं की उजव्या रकान्यातली एकच गोष्ट निवडा आणि ती एक महिना थांबवा. सगळं एकदम सोडू नका. सगळं एकदम सोडलं की मन घाबरून दुप्पट जोराने सगळं परत धरतं, हे मी दोनदा करून पाहिलं आहे. जिच्यामुळे सगळ्यात जास्त धडधडतं तीच निवडा. मी "चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन" हा दंड निवडला. जपमाळ चालू, दंड बंद.

जे माफ झालं ते परत उकरू नका

पापनिवेदनाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खड्याचं दुखणं असलेली माणसं इथेच सगळ्यात जास्त रक्तबंबाळ होतात. तीच तीच जुनी पापं पुन्हा सांगायची. मागच्या वेळी नीट सांगितली नसतील, काही राहिलं असेल. एका धर्मगुरूंकडून समाधान झालं नाही की दुसऱ्या चर्चला जायचं. मी एकाच आठवड्यात तीन चर्चला गेले आहे.

येशूसंघाची स्थापना करणारे संत इग्नेशियस लोयोला याच खड्ड्यात पडले होते. १५२२ साली मॉन्सेरातच्या मठात त्यांनी आयुष्यभराची पापं लिहून काढली आणि तीन दिवस त्यांचं निवेदन केलं. तरी पुढे मान्रेसा गावात महिनोन्‌महिने तीच पापं त्यांना छळत राहिली, पुन्हा पुन्हा सांगूनही, इतकी की जीव द्यावा असं त्यांच्या मनात येऊन गेलं. शेवटी ही भीती कुठून येते आणि माणसाला कुठे नेते, हे त्यांनी नीट पाहिलं आणि ठरवलं की मागची पापं यापुढे कधीही परत सांगायची नाहीत. तिथून ते मोकळे झाले.

फादरांनी मला दिलेला उपाय पुढे संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या शिकवणीत सापडला. ते स्वतः या दुखण्याचे रोगी होते. उपाय असा: एकच धर्मगुरू धरा, आणि ते "हे झालं, पुढे चला" म्हणाले की त्यांच्या शब्दावर पुढे चला. आपल्या मनाला विचारू नका, कारण मनाचा तराजूच बिघडलेला आहे. हे ऐकताना मला आधी राग आला होता. माझं मन मलाच नाही कळत? पण बिघडलेल्या काट्यावर मासळी जोखून कोण विकतं?

पापनिवेदनाला जाण्याआधी योहानाचा एकविसावा अध्याय वाचत जा. येशूचा शिष्य पेत्र, त्याने येशूला तीनदा नाकारलं होतं, तेही कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभं राहून. आता तो रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने पहाटे किनाऱ्याकडे येतो, आणि किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव दिसतो. त्यावर मासळी, शेजारी भाकर. येशू काय म्हणतो? "या, न्याहारी करा." आमच्या घरची माणसं रिकामी होडी घेऊन परत आलेली मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे कुणी बघू नये असं त्यांना वाटतं. त्या वेळी चहा पुढे करणारा माणूस एक शब्द बोलला नाही तरी चालतो. येशूने आधी पेत्राला जेवू घातलं. "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" हे त्याने जेवणानंतर विचारलं. तीनदा विचारलं खरं, पण त्या तीन वेळा काय झालं होतं, याचा एक शब्दही काढला नाही.

बसायचं कसं

आता रोजचं. मी संध्याकाळी सुरूच्या बागेच्या बाजूला वाळूत वीस मिनिटं बसते. तुमच्याकडे किनारा नसेल तर ओटा चालेल, गच्ची चालेल. हातात माळ नको, पुस्तक नको. पाठ टेकायला काही असलं तर उत्तम. एकच छोटं वाक्य घ्या. मी जकातदाराचं घेते, लूकच्या अठराव्या अध्यायातलं: "हे देवा, मज पाप्यावर दया कर." ज्यांना "पाप्यावर" म्हटलं की परत जुनं चक्र सुरू होतं, त्यांनी नुसतं "अब्बा, बापा" म्हणावं. मला सुरुवातीचे तीन महिने फादरांनी हेच सांगितलं होतं. मनात येईल तेव्हा म्हणायचं, नाही आलं तर गप्प बसायचं. किती वेळा म्हटलं ते मोजायचं नाही.

पहिल्या आठवड्यात अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर फिरतो. मोजायला लागतो. माझा तर फिरायचाच. त्याच्यावर रागवू नका, हात उघडा करून वाळूवर ठेवा. वाळू अजून कोमट असते.

"मग काहीच करायचं नाही का?" असं मला माझ्या मोठ्या जावेने विचारलं. प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर मला आमच्याच घरात मिळालं. आमच्याकडे डोलीची मासेमारी. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं, तोंडाशी रुंद, शेपटाकडे निमुळतं. समुद्रात नेऊन तोंड धारेकडे करून बांधायचं. पाण्याला ओढ लागली की पाणीच जाळ्याचं तोंड उघडतं आणि मासळी आत जाते. पाणी थंडावलं की जाळं ओढून घ्यायचं. इतकी वर्षं मी हे बघतेय, पण एका संध्याकाळी पहिल्यांदा यांना विचारलं, "धार चालू असते तेव्हा तुम्ही होडीत काय करता?"

"झोपतो," हे म्हणाले.

"आणि जाळं?"

"जाळं पाणी भरतं. मी कशाला?"

गाठी पक्क्या मारायच्या, फाटलेलं विणायचं, वेळेवर जायचं, तोंड नीट धारेकडे करायचं, हे सगळं माणसाचं काम, आणि त्यात हे कधी हयगय करत नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्या दिवसांत रोज ओट्यावर बसून जाळी शिवतात. पण पाणी ढकलायला मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. मी बारा वर्षं पाणी ढकलत होते. प्रार्थना, मिस्सा, उपवास म्हणजे तोंड धारेकडे करून बांधलेलं जाळं. भरणारा दुसरा आहे. येशूसुद्धा वादळात होडीच्या मागल्या अंगाला उशी घेऊन झोपला होता, असं मार्क सांगतो. ते वाचताना मला आता आमचे हेच दिसतात.

आणि बसल्या बसल्या झोप लागली तर? लागू द्या. लिझ्यूच्या संत तेरेजा अवघ्या चोवीस वर्षांच्या आयुष्यात संतपदाला पोहोचल्या, आणि त्यांना लहानपणी याच खड्याने खूप छळलं होतं. मठात प्रार्थनेच्या वेळी त्या झोपी जायच्या, वर्षानुवर्षं. त्याचं आपल्याला दुःख वाटत नाही, असं त्यांनी लिहिलं, कारण लेकरं जागी असोत की झोपलेली, आईबापांना सारखीच लाडकी असतात. शाळेत पहिलीचा वर्ग असताना दुपारी एखादं पोर बाकावर डोकं टेकून झोपायचं. मी त्याला कधी उठवलं नाही. मग देव मला उठवून रागवेल असं मी का धरलं होतं?

घरातलं आणि डोक्यातलं

बाहेरून काही गोष्टी आडव्या येतील. जाऊ म्हणाली, "आताशा तू सैल पडलीस." मी वाद घातला नाही. "ताई, मी देवाला घाबरायचं सोडतेय, देवाला सोडत नाहीये," एवढंच म्हटलं, आणि तिच्या जपमाळेला तिच्या शेजारी जाऊन बसले. तुम्हाला विसावा मिळायला लागला म्हणून दुसऱ्याच्या हातातली माळ ओढू नका. तिची माळ तिच्यासाठी "भेटले" असू शकते.

रविवारचंही बघा. आमच्या कोळीवाड्यात रविवार म्हणजे बायकांना सगळ्यात जास्त काम. मिस्सा करून आलं की चुलीशी, ते तीन वाजेपर्यंत. मग विसाव्याचा दिवस कुणाचा? मी वाटण शनिवारी करून ठेवते आणि भांडी रविवारी मुलगे घासतात. पहिल्या रविवारी कुरकुरले, आता विचारत नाहीत. मार्था आणि मरिया या बहिणींच्या गोष्टीत मार्था घरकामात गुंतलेली असते आणि मरिया येशूचं बोलणं ऐकत बसते; तिथे येशूने मार्थेला कामाबद्दल बोल लावला नाही, तिच्या चिंतेबद्दल आणि दगदगीबद्दल बोलला. तरी काम वाटून घेतल्याशिवाय दगदग जात नाही, हे माझं म्हणणं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. तीच प्रार्थना बरोबर म्हटली गेली नाही म्हणून पुन्हा पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागत असेल, मनात येणाऱ्या घाणेरड्या विचारांमुळे देव शिक्षा करेल या भीतीने जेवण-झोप उडाली असेल, तर तो श्रद्धेचा कमीपणा नाही. आपल्याकडे त्याला मंत्रचळ म्हणतात, आणि तो आजार आहे. त्याला मनोविकारतज्ज्ञ आहेत, औषधं आहेत, उपचार आहेत. धर्मगुरूंकडेही जा आणि डॉक्टरकडेही जा. मी गेले होते. काही महिने गोळ्या घेतल्या. त्याने माझा विश्वास कमी झाला नाही, उलट प्रार्थनेला बसता येण्याइतकं डोकं शांत झालं.

मागे वळून पाहते तेव्हा कळतं की वही एका दिवसात मिटली नाही. दंड बंद केला, मग पाठोपाठच्या नोव्हेना, मग रकाने. चौथ्या महिन्यात एका रात्री वही उघडायचीच राहिली आणि ते मला सकाळी बोंबील वाळत घालताना आठवलं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायचे, एक या बाजूला, एक त्या बाजूला, हे करता करता हात थांबला. धडधडलं नाही. मी तशीच उभी राहिले, पुढचा बोंबील हातात घेऊन, आणि खूप वेळाने रडू आलं, आईसाठी. ती गेली तेव्हा मी हिशेबातच अडकले होते, रडायचं राहून गेलं होतं.

मधे काही महिने मी जपमाळही बाजूला ठेवली होती. आठव्या महिन्यात परत घेतली, आईचीच, काळ्या मण्यांची. आता संध्याकाळी वाळूतून चालत म्हणते. कधी पाचही रहस्यं, म्हणजे जपमाळेचे पाचही भाग, होतात. परवा दुसऱ्याच रहस्याला भरतीचं पाणी चपलांपर्यंत आलं. माळ पदराला पुसली, पिशवीत ठेवली आणि घरी आले. सुके बोंबील दुसऱ्या दिवशी बाजारात न्यायचे होते, ते मोळीत बांधायचे राहिले होते.